शिबिर झालं, पुढं काय?

आज 17 मे, जागतिक उच्च रक्तदाब दिन. गावोगाव शिबिरं लागतील, फ्लेक्स झळकतील आणि संध्याकाळपर्यंत 'इतक्या जणांची तपासणी' हा आकडा वर पोचेल. गडमुडशिंगीसारख्या मोठ्या गावात तो आकडा गाठायला अवघड नाही. खरी अडचण त्यानंतरची आहे.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा तक्ता आशाताई घरोघर जाऊन भरतात: वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडिलांचे आजार, कमरेचा घेर. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. कमरेला टेप लावताना बायका हसतात. मशेरीचं विचारलं की गप्प होतात. तक्ता चांगलाच आहे. पण ताई येतात दिवसा, आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर गेलेला, खिशात माव्याची पुडी बाळगणारा चाळिशीतला माणूस तेव्हा घरी नसतो. तपासलाच नाही, म्हणून कागदावर त्याला बीपीही नाही.

2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्याची हिशेबाची रीत आम्हाला पटते. नोंदलेल्या रुग्णांपैकी शेवटच्या भेटीत किती जणांचं बीपी 140/90 च्या खाली होतं, एवढंच विचारायचं. जो गोळ्या न्यायला फिरकलाच नाही, त्याला एकूण संख्येतून गाळायचं नाही. 'आता बरं वाटतंय, गोळी कशाला?' म्हणणारे सगळे असे हिशेबात येतात, आणि टक्केवारी खाली येते. येऊ दे.

श्रेयाचा प्रश्न मात्र याहून किचकट. फिनलंडच्या उत्तर कारेलियात 1972 पासून गावकऱ्यांना हाताशी धरून लोणी, मीठ, सिगारेट कमी करण्याची मोहीम चालली. हृदयविकाराचे मृत्यू घटले. पण तुलनेला घेतलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही ते घटले! मोहिमेचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञ पुढं भांडत राहिले. आपल्याकडं तर एका शिबिराच्या जोरावर 'गाव निरोगी' अशी बातमी छापून येते.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत रस्ते-गटारींच्या जोडीला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी ज्यांना बीपीची गोळी सुरू झाली, त्यांतले आज किती जण ती घेतात? आणि वर्षभरात उपकेंद्रात ती गोळी किती दिवस शिल्लक नव्हती? दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचा दोष रुग्णाच्या माथी मारू नये.