ओट्यावरचा चोर

कुत्र्याने ओट्यावरची पोळी पळवली की आपण लाटणं घेऊन धावतो. पण पोळी पोटात गेल्यावर मारून काय उपयोग? मार कशाचा ते त्याला कळतच नाही, तो नुसता तुम्हाला भिऊ लागतो. शिवाय दहादा काही मिळालं नाही नि एकदा तूप-पोळी मिळाली, तरी त्याची आशा सुटत नाही. म्हणून आधी ओटा रिकामा ठेवा. सासूबाईंनाही सांगा, लाडाने तिथूनच तुकडा देतात त्या! दाराशी गोणपाट टाका. त्यावर बसला की लगेच, तिथेच खाऊ द्या. बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट मात्र बंद फडताळातच. कुत्र्याला ते विषारी असतं. खाल्लंच तर उलटी-जुलाबाची वाट न बघता गुरांच्या डॉक्टरांकडे न्या.