पासिंगपुरता ब्रेक

दसरा होऊन गेला होता. कारखान्याचा बॉयलर पेटायला आठ-दहा दिवस उरले होते आणि गावाबाहेरच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. कुणाचा फाळका तुटलेला, कुणाची दांडी वाकलेली. मी फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला गेलो होतो. पुढच्या ट्रॉलीच्या मालकाने मिस्त्रीला काम सांगितले, ते जसेच्या तसे कानांत राहिले आहे.

"मिस्त्री, ब्रेकचं तेवढं पासिंगपुरतं बसवा. मग खोलून ठिवा."

"खोलायचं कशाला? राहू दे की."

"चिकटतंय ओ ते. डिझेल खातंय. खेप मागं पडती."

मिस्त्री हसला, रांगेतले चार-पाच जण हसले आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. ट्रॉलीच्या टायरला दसऱ्याचे चिरडलेले लिंबू अजून चिकटलेले होते. दांडीला झेंडूची सुकलेली माळ होती. पूजा वर्षभरासाठी होती, ब्रेक एका दिवसापुरता.

घरी आल्यावर ते हसू घशात अडकले. आपण नेमके कशाला हसलो? एक माणूस चारचौघांत सांगत होता, की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव मी दोन लिटर डिझेलला विकणार आहे. आम्हाला ते व्यवहारज्ञान वाटले.

ब्रेक म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. शेतीच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतो तो बहुतेक मागच्या दोन चाकांना. त्यालाही पायाशी दोन पेडल असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. नांगरट करताना बांधाशी वळायला ती सोय आहे. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडायची असतात. तसे केले नाही आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर थांबत नाही, भेलकांडतो. ही पट्टी जोडायला एक क्षण पुरतो. पुढच्या वेळी उसाचा ट्रॅक्टर शेजारी उभा राहिला, तर वाकून त्याच्या पायाशी पाहा. ती पट्टी लोंबकळत असेल, नाहीतर गंजून गेलेली असेल.

अशा ट्रॅक्टरला आपण मागे दोन ट्रॉल्या जोडतो. ट्रॅक्टरचे वजन धरू तीन टन आणि मागचा ऊस व लोखंड मिळून बावीस टन. एकूण पंचवीस टनांचा हा डोलारा थांबवायचा आहे आणि ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत, म्हणजे रस्ता धरून ठेवणारी चाके फक्त ट्रॅक्टरची. वजनाच्या आठव्या हिश्श्याने सगळे वजन अडवायचे. सगळ्या चाकांना नीट ब्रेक असलेले वाहन ताशी ३० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण पाच-सहा मीटरांत थांबते. या डोलाऱ्याला त्याच्या आठपट, म्हणजे चाळीसएक मीटर लागतील. हा हिशेबही उदार आहे, कारण त्यात ट्रॅक्टरची चारही चाके ब्रेकची धरली आहेत. चालकाचा पाय पेडलवर जाईपर्यंतचे अंतर वेगळेच. शेतातल्या चिखलाने रस्ता निसरडा झाला असेल किंवा उतार असेल, तर हिशेब मांडूच नये. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागते, दांडीपाशी घडी पडते आणि सगळे आडवे होते.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक ट्रॉलीला बसवता येतात. हलक्या ट्रॉलीसाठी तर याहून सोपी युक्ती आहे. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉलीचा धक्का दांडीवर येतो आणि तोच धक्का ट्रॉलीचे ब्रेक दाबतो. ज्या धक्क्याने माणूस मरायचा, त्याच धक्क्याने गाडी थांबते. मिस्त्रीला हे सगळे येते. ब्रेक चिकटत असेल तर तो खोलून ठेवायचा नसतो, जुळवून घ्यायचा असतो, हेही त्याला येते. पण कुणी तसे सांगत नाही.

मग 'पासिंग' कशासाठी? हा शब्दच आमच्या स्वभावाचा आरसा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमात योग्यता प्रमाणपत्राची तरतूद आहे. वाहन कायद्याच्या आणि नियमांच्या अटी पाळते, एवढाच त्या प्रमाणपत्राचा अर्थ. 'योग्यता' हा शब्द आम्ही सरकारी कागदावर ठेवला आणि तोंडात 'पासिंग' घेतले. शाळेत पस्तीस मार्कांची जी कला शिकलो, तीच पुढे वाहनतपासणीच्या मैदानावर वापरली. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचायचे आणि निकालानंतर रद्दीत घालायचे. ब्रेकचे गाइड झाले. रिफ्लेक्टरची पट्टी, मागचा लाल दिवा, सगळे पासिंगपुरते.

आणि तपासणी तरी कशाची होते? ट्रॉली येते ती रिकामी, धुतलेली. रिकाम्या ट्रॉलीचा ब्रेक लागला म्हणून दहा-अकरा टन लादलेल्या ट्रॉलीचा लागेल असे नाही. तपासणाऱ्याने वाकून पाहायला हवे. लायनिंग किती उरले आहे, नळी कुठे पाझरते का, हूकची पिन झिजली आहे का, ती तुटली तर आधाराला साखळी आहे का. आमच्या भागात एका मैदानावर मी जे पाहिले, त्यात वाकलेला फक्त एजंट होता आणि तोही फाइलवर. केंद्र सरकारने २०२१ साली स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. तिथे चाक रोलरवर चढवून त्याचा ब्रेक किती जोर लावतो हे यंत्र मोजते. चांगलेच आहे. पण यंत्रही त्या दिवसापुरतेच मोजणार. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन ब्रेक खोलणारा हात यंत्राला दिसत नाही. तो आपल्याला दिसतो आणि आपण हसतो.

आता या पापाचे वाटेकरी मोजू. मालक पहिला, हे उघड आहे. पण त्याच्या मागे रांग आहे. ट्रॉली कागदोपत्री 'शेतीकामा'ची आणि हंगामभर भाड्याने ओढते ऊस, हे कुणाला ठाऊक नाही? कारखान्याला तर सगळेच ठाऊक आहे. ट्रॉलीत किती टन आले हे शोधायला भरारी पथकाची गरज नाही. कारखान्याच्या स्वतःच्या वजनकाट्यावर ते किलोपर्यंत नोंदलेले असते आणि त्याची पावती निघते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणजे कायदा ज्या टनाला दंड लावतो, त्याच टनाला कारखाना भाडे देतो. गुन्ह्याची पावती फाडून त्यावर मोबदला देणारी अशी व्यवस्था दुसरीकडे शोधून सापडायची नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा सहकाराचा अर्थ एकमेकांचा भार उचलणे असा होता. भार एकाचा आणि मरण दुसऱ्याचे, हा अर्थ आपण नंतर लावला.

ऊस उत्पादकही वाटेकरी आहेत. माझा ऊस लवकर जावा, तुरा यायच्या आत जावा, म्हणून आपणच चालकाला चहापाणी देतो आणि "घाल की अजून दोन मोळ्या" म्हणतो. आणि मोटारीत बसलेले वाचक? ट्रॉलीमागे अडकल्यावर ते दहा मिनिटे हॉर्न वाजवतात. समोरच्या ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात, की चालकाला हॉर्न ऐकूच येत नाही. शेवटी वाट मिळते, शिवी हासडली जाते आणि विषय संपतो. नागरिकाचा राग वाट मिळेपर्यंतच टिकतो.

मरते कोण, तेही पाहा. रात्री कडेला बंद पडलेल्या, दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळणारा दुचाकीस्वार. बीड, जालन्याकडून उचल घेऊन आलेल्या ऊसतोड टोळीतली बाई, जी पहाटे कोयता आणि तान्हे मूल घेऊन उसाच्या ढिगावर पेंगत असते. शाळेतून सायकलवर परतणारी मुलगी. साहेबाची गाडी सहसा यात सापडत नाही. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा अनेकदा नसतो. मग घरचा कर्ता गमावलेली बाई भरपाईसाठी तारखांना जात राहते.

आणि आपण काय म्हणतो? "काळ आला होता." "त्याची वेळ भरली होती." कारखान्यावर मोळीपूजन करणारे, टायरखाली लिंबू चिरडणारे आपण सगळे मिळून यमाला आरोपी करतो. पण यमाने ब्रेक खोलला नव्हता. ब्रेक कुणी खोलला ते मिस्त्रीला माहीत असते, मालकाला माहीत असते आणि त्या दिवशी रांगेत उभे राहून हसणाऱ्यांनाही माहीत असते. शेतकऱ्याला अज्ञानातून सोडवण्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आज अज्ञानाची सबब उरलेली नाही. आपण जाणून करतो आणि नशिबावर टाकतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि ते सरसकट खोटे नाही. ट्रॉलीमालक स्वतःच कर्जात असतो. मुकादम उचल घेऊन पळतो, टोळी येत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यात ब्रेकचा खर्च कुठून आणायचा? प्रश्न खरा आहे, म्हणूनच उत्तर मालकाच्या एकट्याच्या गळ्यात अडकवू नये. ऊसतोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, कापून घेतो. म्हणजे वाहतुकीचे पैसे शेतकरी देतोच. कारखान्याने त्यातच ब्रेकचा हिस्सा उघड लिहावा आणि करार करतानाच ट्रॉलीला ब्रेक बसवून द्यावा. एंजिनाला पैसे असतात, स्पीकरला असतात, फक्त ब्रेकपाशी आपण गरीब होतो. एंजिन माझी खेप वाढवते. ब्रेक वाचवतो तो बहुधा दुसऱ्या कुणाला तरी. आमची गरिबी नेमकी त्या 'दुसऱ्या'पाशी सुरू होते.

नवा कायदा नको आहे. कारखान्याच्या गाडीतळावर एक नियम पुरे आहे. भरलेली ट्रॉली काट्यावर जाण्याआधी चार पावले चालवायची आणि ब्रेक दाबायचा. ट्रॉलीची चाके धरली नाहीत तर वजन नाही, पावती नाही. ही चाचणी गाडीतळावरचा रखवालदारही घेऊ शकतो. ज्या संचालकांना निवडणुकीत एकेक मत मोजता येते, त्यांना चार चाके मोजणे अवघड नाही. सभासदांनीही वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हा प्रश्न उभे राहून विचारावा. दर एकदा कमी मिळाला तर पुढच्या वर्षी भांडता येते.

परवा रात्री गावाकडून येताना चढावर रस्त्याच्या मधोमध एक दगड दिसला. जात्याच्या पाळीएवढा. ट्रॉली चढावर थांबली की ती मागे घरंगळू नये म्हणून क्लीनर चाकामागे असा दगड लावतो. गाडी निघाली की दगड तिथेच राहतो. ट्रॉलीचा खरा ब्रेक तो, आणि तोही वापरून झाल्यावर मागून येणाऱ्याच्या वाटेत टाकलेला. मी उतरलो आणि दगड कडेला सारला. हात मातीने भरले. पन्नासएक पावलांवर दुसरा दगड होता.