आवाज ओळखीचा असला, तरी आधी फोन ठेवा

रात्री साडेदहाला फोन येतो. "आई, मी बोलतोय. अपघात झालाय. पोलिसांनी बसवून ठेवलंय. पन्नास हजार लगेच पाठव. बाबांना सांगू नकोस." आवाज मुलाचाच, हुंदकासुद्धा त्याचाच. आणि मुलगा पुण्यात आपल्या खोलीवर गाढ झोपलेला.

असे फोन आता खरोखर येतात. संगणकावर आवाजाची नक्कल करायला फार काही लागत नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेल्या एका प्रणालीला नमुना म्हणून तीन सेकंदांचं बोलणं पुरत होतं. तेवढं तर मुलाच्या एखाद्या रीलमध्येही सापडतं.

म्हणून असा फोन आला की आधी तो ठेवा. पोटच्या पोराचा फोन मध्येच कापवत नाही, हे कळतं. तरी ठेवा. मग तुमच्याकडे आधीपासून असलेल्या त्याच्या नंबरवर स्वतः लावा. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं होतं, यावर जाऊ नका. नंबरही खोटा दाखवता येतो. त्याने उचलला नाही, तर सुनेला विचारा, खोलीतल्या मित्राला विचारा. हे नंबर आजच मागून घ्या.

"कुणाला सांगू नकोस" असं ऐकलंत, तर घरातल्या सगळ्यांना उठवाच.

घरात एक खुणेचा शब्द ठरवा. जेवताना तोंडी ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. पण घाबरल्यावर तो आठवेलच असं नाही. माझा भरवसा परत फोन लावण्यावर जास्त.

तुमचा आवाज हाच पासवर्ड, असं एखाद्या बँकेने सुचवलं तर नको म्हणा. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने त्याचा आवाज काढून एचएसबीसीच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेला चकवलं. तेव्हा तर नुसती तोंडी नक्कल होती. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, गळा कुठून बदलणार?

मोबाइलच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे, तेही एकदा बघा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचं बोलणं कशाला हवं? काढून टाका. घरात अ‍ॅमेझॉनची अ‍ॅलेक्सा असेल, तर बँकेचं, दवाखान्याचं बोलताना तिचं माइकचं बटण बंद करा. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग जपून ठेवल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉनला २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरायला लागले होते.

एवढं करूनही पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. शिकलेसवरलेलेही फसतात. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे मांडता, तिथेच १९३० मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.