बाँडवर विकलेली पार्किंग

केळीचे दोन पैसे हाती आले की आमच्या डोंगरकड्याचा माणूस नांदेडला फ्लॅट बघायला लागतो. लेकरांच्या शिकवण्या तिथं, दवाखाने तिथं. माझ्या पुतण्यानंही घेतला आणि राहायला गेल्यागेल्या शेजाऱ्याशी जुंपली. कंपाउंडच्या भिंतीलगतची, पिवळे पट्टे मारलेली एकच उघडी जागा बिल्डरनं दोघांनाही विकलेली! दोघांकडं बाँड, दोघांकडं नोटरीचा शिक्का. रजिस्ट्रीत मात्र पार्किंगचा उल्लेखच नाही.

आमच्याकडं बांधावरून भांडणं होतात, पण तिथं सातबारा असतो, मोजणीवाले येऊन खुणा रोवतात. इथं काय मोजणार?

दोघांनाही मी तोंडावर सांगितलं, जागा तुमच्यापैकी कुणाचीच नाही. ती सगळ्या इमारतीची. मुंबईत दहिसरच्या पांचाली सोसायटीत बिल्डरनं इमारतीखालच्या 25 पार्किंगवर हक्क सांगत सोसायटीवरच दावा ठोकला होता. दिवाणी न्यायालयात हरला, उच्च न्यायालयात हरला आणि 31 ऑगस्ट 2010 ला सर्वोच्च न्यायालयातही हरला. खांबांमधली ती जागा गॅरेज नव्हे, सामाईक जागा आहे. ती वेगळी विकता येत नाही, असा निकाल लागला. तो 1963 च्या मोफा कायद्याखालचा. पुढं रेरा आला. त्यात छताखालची पार्किंग करारनाम्यात दाखवून देता येते, पण उघडी जागा सामाईकच राहिली. 2024 पासून तर छताखालच्या पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंचीसुद्धा करारनाम्याला जोडावी लागते. एवढं होऊनही बाँडचा धंदा चालतो, कारण घेणारा रजिस्ट्रीच्या घाईत असतो आणि बिल्डरला ते ठाऊक असतं.

मग करायचं काय? शेजाऱ्याच्या गाडीची हवा सोडून काही होत नाही. गाड्या जास्त नि जागा कमी असतील तर सोसायटीनं सर्वसाधारण सभेत चिठ्ठ्या टाकून जागा द्याव्यात. त्यातही वाद उरला तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. बुडालेले पैसे मात्र बिल्डरकडूनच वसूल करायचे. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत. पुतण्या नि शेजाऱ्यानं आता मिळून नोटीस धाडली आहे. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

फ्लॅट बघायला निघालेल्या गावकऱ्यांनो, इसार देण्याआधी महापालिकेचा मंजूर नकाशा मागा, आणि उघड्या जागेसाठी बाँडवर एक रुपयाही देऊ नका.