जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

बेंबळीच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे सासरे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते. सुकडी खाऊन कसे दिवस काढले, ते त्यांनी पुढे एका वहीत लिहून ठेवले. ताईंच्या मालकांनी आपल्या टायपिंगच्या दुकानात ती चाळीस पाने कॉम्प्युटरवर उतरवली. आज सासरे नाहीत, वहीही नाही. मुलाने नवा कॉम्प्युटर घेतला, तर त्यात जुना प्रोग्राम चालत नाही, आणि मजकूर उघडलाच तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दुकानदार म्हणतो, जुने विसरा. ताई विचारतात, लिखाण गेले का?

गेलेले नाही, ताई. पण जुना कॉम्प्युटर सुरू होतो आहे तोवर घाई केली पाहिजे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे अनेक घरांत कॉम्प्युटर बदलत आहेत. म्हणून हे सर्वांसाठीच लिहितो.

येथे दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली अक्षरांची. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठत. फॉन्ट हा चष्म्यासारखा. तो काढला की खिचडी दिसणार. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा आहे. ही पद्धत १९९१ साली आली, पण पेजमेकरला युनिकोडची मराठी जमत नसल्याने छपाईची दुकाने पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टवर चालली.

दुसरी अडचण प्रोग्रामची. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम १६ बिटचे होते. ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. त्यानंतरचे ३२ बिटचे प्रोग्राम मात्र बहुतेक वेळा चालतात. कधी प्रोग्राम ३२ बिटचा असतो, पण तो बसवणारी फाईल १६ बिटची निघते. मग माणूस समजतो, प्रोग्रामच बाद झाला.

आता कामाला लागू. सर्वांत आधी जुन्या कॉम्प्युटरवरून त्या चाळीस पानांची छापील प्रत काढा. कागदाला विंडोज लागत नाही. मग फाईली आणि विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले मराठी फॉन्ट, दोन्ही उतरवून घ्या. निव्वळ फाईल घेतली आणि फॉन्ट मागे राहिला, तर पुन्हा तीच खिचडी. पेन ड्राइव्ह लागत नसेल तर हार्ड डिस्क काढून जोड-केबलने नव्या कॉम्प्युटरला लावता येते. प्रती दोन ठिकाणी ठेवा.

जुने फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर बसवले की वर्डमधली फाईल बहुधा लगेच वाचता येते. पेजमेकरची फाईल असेल तर बहुधा पेजमेकर लागेल. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. प्रोग्राम अडला तर त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘कम्पॅटिबिलिटी’ उघडा. तेथे विंडोज एक्सपी निवडले की नवी विंडोज त्या प्रोग्रामशी जुन्यासारखी वागते. डॉसच्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स फुकट मिळते. तेवढ्यानेही भागले नाही तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातच दुसरा कॉम्प्युटर करून, जुनी विंडोज चालवता येते. त्यासाठी जुन्या विंडोजची सीडी आणि तिचा नंबर जपलेला हवा. एक्सपीची सुरक्षा २०१४ सालीच थांबली आहे, म्हणून तिला इंटरनेट जोडू नका.

काही मराठी प्रोग्रामना प्रिंटरच्या सॉकेटात लावायचे लॉक असे. ते सॉकेट नव्या कॉम्प्युटरवर सहसा नसते. तुमचा प्रोग्राम तसा असेल तर त्याच्यामागे दिवस घालवू नका. जुन्या कॉम्प्युटरवरच मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये काढून घ्या.

कारण प्रोग्राम चालवणे ही तात्पुरती सोय झाली. पुढची विंडोज आली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. खरे काम मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे. जुना फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. आपल्या फॉन्टचाच निवडावा. मात्र ते वेलांटीला आणि रफारला चुकतात. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना दिसते तशी वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठे. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. ही उलटापालट करताना एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

म्हणून कन्व्हर्टरवर काम सोडून देऊ नये. मुलाने मोठ्याने वाचावे, ताईंनी छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकावे. खडीच्या कामावरचे शब्द नव्या पोरांना ठाऊक नसतात. ते सांगायला त्या कामावर गेलेले कोणी म्हातारे माणूस गल्लीत असेल तर त्यांनाही बसवावे. रोज चार पाने वाचली तरी दहा दिवसांत चाळीस होतात. एवढे झाले की जुना कॉम्प्युटर खुशाल भंगारवाल्याला द्या.