‘क्ष’ची भीति कां वाटावी?

आमच्या एका वाचक भगिनीनें कळविलें आहे कीं, त्यांचा आठवींतील मुलगा अंकगणितांत हुषार. परंतु बीजगणिताचें पुस्तक उघडलें कीं त्याचें तोंड उतरतें. ‘हा विषय त्याच्या बुद्धीपलीकडचा समजावा काय?’ असें त्या विचारतात. आमचें उत्तर असें कीं, तसें मुळींच समजूं नये. सूत्र आधीं आणि संख्या मागाहून, हा उलटा क्रमच बहुधा ह्या भीतीच्या मुळाशीं असतो.

मुलास जवळ बसवून पुढील गुणाकार करवावे. ५ × ५ = २५, पण ४ × ६ = २४. ८ × ८ = ६४, पण ७ × ९ = ६३. १० × १० = १००, पण ९ × ११ = ९९. प्रत्येक वेळीं एकच उणा! आतां ‘२९ × ३१ किती?’ असें विचारतांच तो ३० च्या वर्गांतून एक वजा करून ८९९ सांगेल. मग हळूच पुसावें, ‘हें नेहमीं असेंच घडेल कशावरून?’

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. ऑयलर ह्या थोर गणितज्ञानें १७७२ सालीं एक मौज दाखविली. एखाद्या संख्येच्या वर्गांतून ती संख्या वजा करून ४१ मिळवावे. १ पासून ४० पर्यंत कोणतीहि संख्या घेतली तरी उत्तर मूळ संख्याच येतें. पण ४१ घेतांच वजा केलेले ४१ पुन्हां मिळतात आणि ४१ चा वर्ग, म्हणजे १६८१, उरतो. चाळीस वेळां खरें ठरलेलें एकेचाळिसाव्या वेळीं फसलें!

येथेंच ‘क्ष’ उपयोगी पडतो. मधली संख्या क्ष मानली, तर शेजारच्या दोन संख्या क्ष – १ आणि क्ष + १. त्यांचा गुणाकार क्षचा वर्ग + क्ष – क्ष – १. मधले दोन क्ष परस्परांस नाहींसे करतात आणि क्षचा वर्ग उणे एक राहतो. एका ओळींत साऱ्या संख्यांचा निकाल लागला. भास्कराचार्यांनीं अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’, म्हटलें आहे. क्षचा अर्थहि तोच.

आतां मुलांसाठीं एक कोडें : दोन लगतच्या विषम संख्यांच्या वर्गांची वजाबाकी ८ नें नेहमीं भागली जाते काय? आधीं संख्या घेऊन पाहावें, मग क्षनें सिद्ध करावें. उत्तर पुढील अंकीं देऊं. तोंवर वडील मंडळींनीं कृपा करून तें सांगूं नये. मुलानें स्वतः शोधलेलें एक उत्तर पाठ केलेल्या दहा सूत्रांहून अधिक धीर देतें.