नक्कल म्हणे!

"दुसऱ्याचं पात्र काढायचं ही कसली कला? नुसती नक्कल!" असं ठासून सांगणाऱ्या मंडळींना माझा एक साधा सवाल आहे. आपल्या यवतमाळच्या दुर्गोत्सवात मूर्तिकार देवी घडवतात. देवी काय त्यांनी शोधून काढली? तरी एकीसारखी दुसरी नसते, आणि आपण मंडळामंडळांतून ती बघत हिंडतोच ना!

आता 'राजी'चं घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम २०२० साली आला. पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली कसरतपटू पोरगी. हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ. पण खेळताना ती दिसते दुरून, बोटभर! चित्र मोठं काढायचं तर त्रिशुळावरची पकड, दमलेले डोळे, कपड्यांच्या चुण्या, सगळं काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मग क्रिटासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एका लेयरवर कच्चं रेखाटन, दुसऱ्यावर पक्की रेघ, तिसऱ्यावर रंग, त्यावर सावल्या. उजेड कुठून येतो हेच चुकलं, की सगळं मुसळ केरात. पोस्टर समोर ठेवून गिरवलं तर ती नक्कल. पण हे?

हां, एक फरक मान्य. देवी सगळ्यांची, राजीला मालक आहे. म्हणून मूळ कर्त्यांचं नाव चित्राखाली हवंच, आणि विचारल्याशिवाय विक्री नको. पण तो प्रश्न हक्काचा झाला, कलेचा नव्हे. दोन्हींची खिचडी करून पोरांच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका.

बघा पटतंय का.